नव्या सभासदाला दिवसाला तीन पोस्ट

गुडघेदुखीची चार माणसं एकत्र बसली की पहिली दहा मिनिटं गुडघ्यांवर जातात आणि पुढचे दोन तास किस्स्यांवर. आमच्याकडे तर अशी माणसं शेकड्यांनी बसली आहेत, तीही ऑनलाइन! मग किस्से साठणारच. मी ते लिहून ठेवत नाही, पण कोणी चहाला आलं की एकेक आपोआप बाहेर पडतो.

आमचा फोरम आहे ‘गुडघेकट्टा’. गुडघा बदललेली, बदलणारी आणि बदलायला घाबरणारी मराठी माणसं इथे एकमेकांना धीर देतात. चालवतो आम्ही तिघं. मुग्धा मूळची पुण्याची, नोकरी इंदिरानगरात. आईच्या ऑपरेशनच्या वेळी तिने हा फोरम बनवला. दुसऱ्या कमलाक्का, मराठीत कानडी मिसळून बोलणाऱ्या. त्यांच्या घराण्याचं मल्लेश्वरममध्ये पिढ्यान्‌पिढ्या कापडाचं दुकान आहे. त्यांचे दोन्ही गुडघे नवे आणि जीभ पहिल्यापासूनच धारदार. तिसरा मी, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनियर. माझा उजवा गुडघा बदललेला. डाव्याची तारीख मी तीनदा पुढे ढकलली होती. एकदा पुतण्याचं लग्न, एकदा पाऊस आणि एकदा क्रिकेट.

फोरमचे नियम मी लिहिले. कलमांसकट!

*

नियम आले ते एका तेलवाल्यामुळे. पहिल्याच महिन्यात हा गृहस्थ सभासद झाला आणि एका दुपारी त्याने अकरा पोस्ट टाकल्या. तेल लावा, काठी फेका, जिना चढा! खाली लिंक.

मी तातडीची मीटिंग बोलावली. नव्या सभासदाची पहिली पोस्ट आमच्यापैकी एकाने मंजूर करायची. पहिले सात दिवस, दिवसाला फक्त तीन पोस्ट. लिंक नाही, फोटो नाही, खाजगी मेसेज नाही. मुग्धाने संध्याकाळपर्यंत सगळं सिस्टीममध्ये बसवलं आणि तेलवाल्याला हाकललं.

“झालं ना समाधान?” मी कमलाक्कांना विचारलं.

“सरी अण्णा, चांगलं केलंत,” त्या म्हणाल्या. “पण त्याला काढायच्या आधी मी दोन बाटल्या मागवल्या होत्या. आता त्या येतील की नाही?”

*

तीन पोस्ट कशा वापराव्यात हे ज्याचं त्याला कळलं पाहिजे. एक अतिशय सुसंस्कृत बाई आल्या. पहिली पोस्ट, “सर्वांना सप्रेम नमस्कार.” दुसरी, “आपण सर्व कुशल असाल अशी आशा करते.” तिसरी, “आता माझ्या मुख्य प्रश्नाकडे वळते.” मर्यादा संपली!

दुसऱ्या दिवशी, “सर्वांना सप्रेम नमस्कार.” मग, “काल प्रश्न अर्धवट राहिल्याबद्दल क्षमस्व.” मग, “तर प्रश्न असा आहे.” संपली!

सगळा फोरम काळजीत. बाईंना ताप आहे का, टाके लाल झालेत का, काही कळेना. तिसऱ्या दिवशी सकाळपासून लोक हात जोडून बसले होते, “ताई, नमस्कार करू नका हो! आधी प्रश्न विचारा!”

बाईंनी ऐकलं. प्रश्न आला, “इथे दिवसाला किती पोस्ट टाकता येतात?”

*

फोटो बंद केल्याचा सर्वांत जास्त राग आला तो एका निवृत्त चित्रकला शिक्षकांना. त्यांना टाके दाखवायचे होते. त्यांनी बेरजेची चिन्हं एकाखाली एक टाकून पोस्टमध्येच अख्खी जखम काढली. सिस्टीमला वाटलं हा काहीतरी घोटाळा आहे, तिने पोस्ट अडवून धरली.

“काका, स्पॅम आहे, डिलीट करते,” मुग्धाचा फोन आला.

“थांब गं,” कमलाक्का लाइनवरच होत्या. “मी मोजलेत. बरोबर आहेत. पण खालून तिसरा टाका स्वल्प, जरासा वाकडा वाटतो. त्यांना सांग डॉक्टरला दाखवायला.”

मास्तर दाखवायला गेले. टाका खरोखरच वाकडा होता, आणि डॉक्टरांनी विचारलं की हे घरी कोणाच्या लक्षात आलं!

मास्तर परतल्याचं कळलं तशी कमलाक्कांनी फोनवर मला विचारलं, “अण्णा, तुमच्या डाव्याचं काय?”

“बघू,” मी म्हणालो.

*

होसकोट्याचं एक जोडपं एकाच आठवड्यात सभासद झालं. दोघांचेही गुडघे पाठोपाठ झालेले. ते माडीवर, ती खाली, आणि मधला जिना दोघांनाही बंद. फोनवर बोलायचं तर माडीवरच्या काकांना कमी ऐकू येतं. खाजगी मेसेज सात दिवस बंद. मग काय, संसार सगळ्या फोरमसमोर!

“चहा झाला का?” माडीवरून पोस्ट.

“झाला. या.”

“येता आलं असतं तर इथे कशाला लिहिलं असतं?”

दोघांचा संवाद वाचायला लोक दुपारी चारला जमू लागले. कोणी म्हणे वहिनी, दोरीला बांधून वर पाठवा. कोणी म्हणे काका, आज बिनसाखरेचा घ्या. तिसऱ्या दिवशी काकांची तिसरी पोस्ट भलत्याच गोष्टीत खर्च झाली आणि चहाबद्दल विचारायचं राहिलं. सव्वाचार झाले तशी लोकांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी होसकोट्यातलीच एक सभासद थर्मास घेऊन त्यांच्या घरी पोचली आणि तिने तिथूनच लिहिलं, “दिला. सगळ्यांनी आपापल्या कामाला लागा.”

मला तो दिवस फार आवडला. माणसं अशी वेड्यासारखी एकमेकांच्या चहाची काळजी करतात, ते पाहून बरं वाटतं.

*

मुग्धाची आई पुण्याहून राहायला आली आणि हौसेने सभासद झाली. तिची पहिली पोस्ट मंजुरीला आली, “माझी मुलगी मला व्यायाम करायला लावते आणि स्वतः दिवसभर खुर्चीत बसते.”

मुग्धाने ती नामंजूर केली. आईने पुन्हा टाकली. मुग्धाने पुन्हा उडवली. असं तीनदा झालं.

चौथ्यांदा ती दुसऱ्या दिवशी आली, तेव्हा कमलाक्कांनी मंजूर केली आणि खाली लिहिलं, “आमच्याकडेही तसंच आहे. आमचे एक अ‍ॅडमिन सगळ्यांना ऑपरेशनला पाठवतात आणि स्वतः खुर्चीत बसतात.”

दिवसभरात सगळ्यांत जास्त लाइक त्या पोस्टला पडले!

*

आता माझी गोष्ट. चौथी तारीख घेतली होती सोमवारची, आणि शनिवारी सकाळी मी ती पुढे ढकलायला सबळ कारण शोधत होतो. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. चांगलाच. पण विचारणार कोणाला? फोरमवर मीच शेकडो लोकांना लिहिलं होतं, “घाबरण्यासारखं काही नाही.”

सुधा, म्हणजे माझी बायको, भाजी आणायला बाहेर पडली, आणि मी शामराव या नावाने नवीन सभासद झालो.

पहिली पोस्ट लिहिली. “विषय: दुसरा गुडघा. १) पहिल्या वेळी काय होणार हे ठाऊक नव्हतं. २) आता ठाऊक आहे. ३) त्यामुळे भीती जास्त वाटते. ४) हे रास्त आहे का? कळावे.”

पोस्ट मंजुरीच्या यादीत जाऊन बसली. अ‍ॅडमिन म्हणून मला ती तिथे दिसत होती, एक बटण दाबायचं काम. पण स्वतःची पोस्ट स्वतः मंजूर करू नये, कलम सहा. मी तासभर वाट पाहिली. कमलाक्कांनी मंजूर केली.

लगेच उत्तरं आली. “शामराव, आमच्या अ‍ॅडमिनकाकांना विचारा. वाघ आहेत!” दहा जणांनी मला हाक मारली. आता गप्प बसणं शक्य नव्हतं. अ‍ॅडमिन म्हणून मी लिहिलं, “घाबरण्यासारखं काही नाही.”

ते वाचून शामरावचं डोकं फिरलं. दुसरी पोस्ट, “सांगायला सोपं आहे!”

“काकांशी असं बोलायचं नाही हं,” लोक शामरावावर तुटून पडले. कोणी म्हणालं, नवीन आहे, माफ करा. मला आणखी चेव आला. तिसरी पोस्ट, “त्यांच्या स्वतःच्या दुसऱ्या गुडघ्याचं काय झालं, ते विचारा की त्यांना!”

सगळे माझ्या उत्तराची वाट पाहू लागले. अ‍ॅडमिनला उत्तर द्यावंच लागलं, “तारीख घेतली आहे.”

“पण जाणार आहात का?” शामरावने टाइप केलं आणि बटण दाबलं. पडद्यावर लाल चौकट आली, “आजची मर्यादा संपली. कृपया संयम ठेवावा.”

कोणत्या मूर्खाने हे वाक्य लिहिलंय, असं मी मोठ्याने म्हणालो. मग आठवलं.

तेवढ्यात कमलाक्कांचं उत्तर आलं. “शामराव, स्वागत आहे. नव्या सभासदाने सात दिवस घाबरायला आमची हरकत नाही. मी दोन्ही वेळा घाबरले होते, दुसऱ्या वेळी जास्त. तुमचा प्रश्न रास्त आहे. कळावे.”

मी ते चार वेळा वाचलं. डोळे पाणावले, हे सांगायला आता लाज वाटत नाही. सुधा भाजी घेऊन परत आली तेव्हा मी लॅपटॉप मिटून टाकला आणि तिला म्हणालो, “सोमवारची तारीख राहू दे.”

“बरं,” ती म्हणाली आणि शेंगा निवडायला बसली.

सोमवारी सकाळी सातला दाराशी ऑटो थांबली. मी आतल्या खोलीत बॅग मांडीवर घेऊन बसलो होतो. सुधाने दार उघडलं. बाहेरून कमलाक्कांचा आवाज आला, “सुधा, शामराव तयार झाले का गं?”

“कधीचे,” सुधा म्हणाली. “थांबा, आणते.”