गिरिधरचा डावा खांदा

"चेंडू हातातून सुटला का आपला नसते."

गिरिधर हे वाक्य उठता-बसता म्हणायचा. बस चुकली तरी म्हणायचा, वरणात मीठ जास्त पडलं तरी म्हणायचा, आणि शेजारच्या कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही त्याच्या तोंडी हेच होतं. कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत लोकांना ते पाठ झालं होतं. तो तोंड उघडायच्या आधीच कुणीतरी ते म्हणून टाकी आणि मग सगळे हसत. जयवंता, त्याची बायको, तेवढी हसत नसे. हे वाक्य त्याने कुठून आणलं ते तिला ठाऊक होतं.

अमरावतीहून आणलं होतं.

गिरिधर काटोलकडच्या एका खेड्यातला, संत्र्याच्या बागा राखणाऱ्या घरातला धाकटा मुलगा. शाळेतल्या एका मास्तरांनी त्याला सॉफ्टबॉल शिकवला. क्रिकेटचा चेंडू टप्पा पाडून टाकतात. या खेळात तो टप्पा न पाडता, हात खालून गरकन फिरवून फेकायचा असतो, आणि फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. गिरिधरचा हात फिरायला लागला की रहाट फिरल्यासारखा दिसे. चेंडू केव्हा सुटला ते बघणाऱ्याला कळतच नसे, थाप ऐकू आली की समजायचं, पोहोचला. वसाहतीच्या संघात तो पिचर झाला आणि कामावरही लोक त्याला पिचरसाहेब म्हणायला लागले.

लग्न होऊन जयवंता क्वार्टरमध्ये आली तेव्हा तिला भांड्यांच्या आधी चामड्याचा हातमोजा मिळाला. सरावाला रोज कुणी सोबती सापडत नसे. मग संध्याकाळी क्वार्टरच्या मागे, जिथे वाळत घातलेल्या धोतरांवर राखेचा पातळ थर बसायचा, तिथे ती पदर खोचून उकिडवी बसायची आणि नवऱ्याचे चेंडू झेलायची. सुरुवातीला तळहात सुजला. तिने हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. झेलणाऱ्याने बोटांनी खूण करायची असते, तीही तिला आली. एक बोट म्हणजे सरळ जोराचा, दोन बोटं म्हणजे हळू येऊन ऐनवेळी खाली पडणारा. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून बघायच्या. जयवंताला त्याचं काही वाटत नसे. अख्ख्या नागपुरात नवऱ्याशी बोटांनी बोलणारी बाई आपणच, असा एक ताठा तिच्या मनात होता.

काही महिन्यांनी तिला खुणेची गरज उरली नाही. पडणारा चेंडू टाकायचा असला की गिरिधरचा डावा खांदा आधी जरासा खाली जायचा. चिमणी फांदीवर बसल्यावर फांदी लवते तेवढाच. जयवंता तिकडे बघायची आणि मोजा खाली न्यायची. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. नव्या नवरीला नवऱ्याची एक गोष्ट सापडली होती, ती तिने माहेरच्या दागिन्यासारखी आत ठेवून दिली.

राज्याच्या संघाची निवड अमरावतीला होती. गिरिधर नवा शर्ट घालून गेला आणि तिसऱ्या दिवशी तोच शर्ट चुरगाळलेला घेऊन आला. समोरच्यांनी त्याचे पडणारे चेंडू असे झोडपले होते, जणू आधी विचारून टाकले असावेत. त्याला कारण कळलं नाही. तो पाटावर बसला, पाण्याचा गडवा हातात धरून म्हणाला, "चेंडू हातातून सुटला का आपला नसते वं." त्या दिवसापासून ते वाक्य घरात राहायला आलं. त्याच्यावर टेकून तो पुन्हा उभा राहिला. पुढच्या वर्षी परत जाईन म्हणाला.

पुढच्या वर्षी नागपुरात टीव्ही आला. यांनीही घेतला. ॲन्टेना फिरवायला गिरिधर क्वार्टरच्या गच्चीवर चढला. खालून जयवंता ओरडून सांगत होती, "अजून थोडं, अजून थोडं, आता दिसते." दिसलं, आणि त्याच क्षणी कठड्यावरून त्याचा पाय निसटला. हाड जुळलं, पण उजवा हात खांद्याच्या वर उठेना. नोकरी राहिली, टेबलावरची. खेळ गेला. गिरिधरने हातमोजा लोखंडी पेटीत टाकला आणि बोलणंही जणू त्याच पेटीत टाकलं. जेवताना 'वाढ' आणि 'पुरे', एवढंच. ते एक वाक्य तेवढं उरलं होतं. जयवंता त्या वाक्याचीसुद्धा वाट बघायला लागली.

अशी वर्षं गेली. मग मस्कतला नोकरी करणारा तिचा भाऊ वसंत सुट्टीवर आला आणि येताना व्हिडिओ गेमचं यंत्र घेऊन आला. काळी पेटी, हातात धरून खेळायचे दोन दांडे, आणि खाचेत बसवायच्या पाच-सहा कॅसेटी. त्यातल्या एकीवर बॅट धरलेला माणूस होता.

"भाऊजी, तुमचा खेळ आणला," वसंत म्हणाला.

गिरिधरने कॅसेट उलटसुलट करून पाहिली. "हे बेसबॉल आहे. आमचं सॉफ्टबॉल."

"भाऊच असन नं त्याचा."

"चुलत."

जयवंताने चुलीकडून मान वळवली. त्या घरात असं उत्तर कितीतरी दिवसांनी दिलं गेलं होतं.

वसंत परत जाताना यंत्र ठेवून गेला. नागपुरात अर्ध्या वेळा वीज जायची, पण वसाहतीत जात नसे, त्यामुळे खेळाला खंड नव्हता. गिरिधर कामावरून यायचा, चहा घ्यायचा आणि चटईवर बसायचा. जयवंता दुसरा दांडा घेऊन त्याच्या डाव्या हाताला बसायची. पडद्यावर हिरवं मैदान, तीन-चार ठोकळ्यांची माणसं, आणि एक पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे चेंडू.

पहिल्याच दिवशी तिने त्याचे तीन चेंडू ओळीने टोलवले. तिला वाटलं, शाबासकी मिळेल. गिरिधरने दांडा खाली ठेवला, भिंतीकडे तोंड केलं आणि चहा तसाच निवू दिला. दुसऱ्या दिवशी जयवंताने चेंडू येऊ दिला, जाऊ दिला, आणि तो गेल्यावर बॅट फिरवली. गिरिधर हसला. गच्चीवरून पडल्यापासून तो हसला नव्हता.

त्या हसण्यावर ती पुढे कितीतरी दिवस जगली.

आणि तो बोलायला लागला. या यंत्राला नावं ठेवायला लागला, पण नावं ठेवणं हे बोलणंच की. "पाह्य बरं वं, हे सारे गडी एकाच दाव्याले बांधल्यावानी पयतात. एकाले डावीकडं नेलं का सारेच डावीकडं. असे गडी असते त म्या नांगर हाकला असता." कधी आवाजावर घसरायचा. "बॅटीचा आवाज कसा पाहिजे? लाकूड फोडल्यासारखा. हे त उंदीर शिंकून राहिला." सगळ्यात मोठी तक्रार अशी, की या खेळात चेंडू हातातून सुटल्यावरही दांडा हलवून वळवता येत होता. "हे खोटं आहे," तो म्हणायचा. "सुटलेला चेंडू कोणाचा आयकते काय?" असं म्हणत म्हणत तो चेंडू वळवायचा, आणि वळवताना त्याचा चेहरा देवासमोर बसलेल्या माणसासारखा व्हायचा. जयवंताला दिसायचं, की जे जगात एकदाही झालं नाही ते त्याच्या हातून रोज घडून राहिलं आहे.

"मंग चांगला खेळ कसा पाहिजे जी?" एकदा तिने विचारलं. त्याला बोलतं ठेवायला ती असं काहीबाही विचारायची.

तो म्हणाला, "समोरचा खरा पाहिजे. हे पेटी समोर असली त मजा नाही, ते त हिशोबानं खेळते. माणूस पाहिजे, आपल्याले हरवाले बसलेला. अन् हरल्यावर समजलं पाहिजे, काहून हरलो. अमरावतीले मले ते समजलं नाही. तो डाव माह्या डोक्यातून गेलाच नाही वं अजून."

जयवंता दांड्याकडे बघत राहिली. खांद्याचं तिच्या जिभेवर आलं होतं. तिने गिळलं.

एका दांड्याचं रबर फाटलं तेव्हा गिरिधर तिला सोबत घेऊन बसने नागपुरातल्या जरीपटक्याच्या बाजारात गेला. एका सिंधी दुकानदाराने सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून आत बसवला. जाता-येता गिरिधर सारखा बोलत होता. कोळशाचे ट्रक, रस्त्यावरची राख, मास्तरांचा फाटका जोडा, सगळं. परतीच्या बसमध्ये त्याने डाव्या हाताने तिच्यासाठी खिडकी उघडली. जयवंताने वारा तोंडावर घेतला. तिला वाटलं, असंच चालू द्यावं. एका माणसाने खोटं हरल्याने दुसरा जगत असेल, तर हरायला काय लागतं?

शेजारी रुपराव राहायचा, केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर काम करणारा, जिभेला हाड नसलेला गडी. एका रविवारी दुपारी गिरिधर दाढी करायला गेला होता, तेव्हा रुपराव आत डोकावला.

"वहिनी, भाऊ म्हणे रोज तुमाले धूळ चारते. मले चारा बरं."

"बसा की."

रुपरावने आयुष्यभर क्रिकेट पाहिलं होतं. तो प्रत्येक चेंडू अडवायला बघायचा.

"भाऊजी, अडवता काहून? इथं मागं दांड्या नाहीत."

"सवय आहे वहिनी. विकेट जाऊ देत नाही आपण."

"हाणा अन् पळा, असं आहे ते."

"कोण पयणार या उन्हात," रुपराव म्हणाला, आणि जयवंता खळखळून हसली. हसण्यात तिला भान राहिलं नाही. रुपरावची फेकायची पाळी आली आणि तिने त्याचा एकेक चेंडू मैदानाबाहेर धाडला. रुपरावचं तर सगळं अंगच आधी सांगत होतं, हा चेंडू कुठे जाणार ते. वळवला तरी तिची बॅट तिथेच.

"बाप्पा," रुपराव म्हणाला. "वहिनी, तुम्ही त भाऊले रडवान. मंग रोज हरता कशा जी?"

दारात गिरिधर उभा होता. गालाला तुरटी लावलेली, डाव्या हातात चपला.

तो आत आला. रुपरावच्या हातातला दांडा त्याने घेतला, तंटा नाही, आवाज नाही. रुपराव बाजूला सरकला, मग उठून बाहेर आपल्या ओट्यावर जाऊन बसला.

"बस," गिरिधर म्हणाला.

जयवंता त्याच्या डावीकडे बसली. त्याने चेंडू टाकला. तिने उशिरा बॅट फिरवली.

"खरं खेळ."

"खरंच खेळून राहिली जी."

"जयवंते, खरं खेळ."

त्याने टाकला. तिने टोलवला. त्याने पडणारा टाकला, शेवटच्या क्षणाला दांडा खेचून. तिने टोलवला. सरळ टाकला, वळवला, थांबून टाकला, न थांबता टाकला. पडद्यावर तो ठिपका दर वेळी मैदानाबाहेर गेला आणि उंदीर शिंकत राहिला. त्याने दांडा चटईवर ठेवला.

"कसं समजते तुले?"

तिने पडद्यावरून नजर हलवली नाही.

"मी इचारून राहिलो."

"खांदा," ती म्हणाली. "डावा. पडणारा टाकाच्या आधी खाली जाते तुमचा. जरासा."

"ह्या दांड्यावर?"

"ह्या दांड्यावरही."

"म्हंजे तवाही. मागं झेलत होती, तवा."

जयवंताने त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो चटईवर नव्हता, अमरावतीच्या मैदानावर उभा होता. समोरचे एकेक जण येत होते, त्याच्या खांद्याकडे बघत होते आणि हसत बॅट मागे नेत होते. चेंडू सुटल्यावर परका झाला नव्हता. सुटायच्या आधीच त्याने तो देऊन टाकला होता. आणि त्याला सावध करू शकणारी एक बाई इकडे घरी पोळ्या लाटत होती.

"सांगाचं होतं वं."

"मले काय मालूम, ते समोरचे पाहतीन म्हणून. मले वाटलं, मलेच दिसते ते."

हे खरं होतं. आणि आता याच्याइतकं निरुपयोगी दुसरं काही नव्हतं.

गिरिधर उठला. ते वाक्य तो आता म्हणेल, असं तिला वाटलं. म्हणावं, म्हणून तिने मनातल्या मनात हात जोडले. तो म्हणाला नाही. लोखंडी पेटीकडे त्याने एकदा पाहिलं, यंत्राकडे पाहिलं नाही. "समजलं," एवढंच म्हणाला, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. चपला पायात घातल्या आणि तो बाहेर पडला.

ओट्यावरून रुपरावने हाक दिली, "भाऊ, कुठं गा?" गिरिधर चालतच राहिला. रुपराव उभा राहिला, पण मागे गेला नाही.

जयवंता दारात आली. कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्याने तो चालला होता, बस थांब्याच्या पुढे, केंद्राची राख सोडतात त्या तळ्याकडे, जिकडे त्याचं काही काम नव्हतं. उजवा हात अंगाला चिकटलेला, डावा हलत असलेला. तिने सवयीने त्याच्या डाव्या खांद्यावर नजर धरली. तो वळणार असेल, तर खांदा आधी सांगेल, हे तिला माहीत होतं. एक ट्रक मधून गेला, राख उडाली, बसली. तो अजून दिसत होता. ती बघत राहिली. खांदा सरळ होता, भिंतीसारखा सरळ, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावरून तिला काहीच वाचता येत नव्हतं.