तात्यांची जीभ

बावखलाच्या काठी रोज तीच चार माणसं बसली, की किस्से शेवाळासारखे साठतात. कितीही काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच! बावखल म्हणजे आमच्या समुद्राकाठच्या गिरीज गावातल्या बागायती वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. हे बावखल माझ्या काकांचं, तात्यांचं. त्यांची सगळी केळी त्याच्यावर. ऐंशी सालाच्या आसपास टँकरवाले आजूबाजूच्या विहिरी उपसू लागले आणि तात्यांचं चित्त थाऱ्यावर राहीना. गोडं पाणी उपसलं की खालून समुद्राचं खारं पाणी आत शिरतं. रोज सकाळी अनशापोटी ते वाटीभर पाणी चाखायचे.

"ज्या दिवशी हे मचूळ लागेल, त्या दिवशी वाडी बिल्डरला! मेलेल्या जमिनीत कुदळ मारणार नाही मी."

बोलेल ते करणारा माणूस. आम्ही सगळेच धास्तावलेलो.

*

काकू चहा घेऊन ताटकळायची. एकदा वैतागली. "आधी चहा घ्या! समुद्र काय पळून चाललाय?"

"पळत नाही गं, येतोय!"

*

माझी नोकरी सरकारी लॅबमध्ये, पाणी तपासायची. तात्यांची परीक्षा घ्यावी म्हणून एकदा मी चार बाटल्या नेल्या, लेबल न लावता. त्यांनी एकेक घोट घेतला.

"ही फ्रान्सिसची विहीर. ही देवळामागची. ही आपली. आणि ही तुझ्या ऑफिसच्या नळाची, ती आमच्यात बसवू नकोस!"

चारही बरोबर. मी बाटल्या पिशवीत टाकल्या आणि निघालो.

*

शेजारच्या फ्रान्सिसने विजेची मोटार बसवली आणि दिवसभर चालवली. "तासाभराने थांबव, पाण्याला दम खाऊ दे," तात्यांनी सांगून पाहिलं. उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याने त्याच्या केळीच्या पानांच्या कडा करपल्या. एक पान घेऊन तो धावत आला.

"तात्या, औषध सांगा!"

"तुझ्या भिंतीवरच आहे. बटण!"

*

पलीकडच्या प्लॉटवर बिल्डरचा इंजिनियर बोअर मारत होता. "पंचवीस फुटांखाली जाऊ नका, खारं लागेल," तात्या म्हणाले. तो दीडशे फूट गेला. पाणी लागलं, नारळ फुटला, त्याच पाण्याचा चहा सगळ्यांना! पहिल्या घोटालाच साहेबांचं तोंड वाकडं. "साखर घातली नाही का?"

"घातलीय ना," तात्या म्हणाले. "साखर तुमची, मीठ समुद्राचं!"

सगळे हसले. तात्या मात्र हसले नाहीत. त्या प्लॉटपासून आमचं बावखल शंभर पावलांवर.

*

पुढच्या मे महिन्यातली सकाळ. तात्यांनी वाटी तोंडाला लावली. थांबले. पुन्हा लावली. मग वाटी माझ्यापुढे धरली.

"तू सांग."

फ्रान्सिस कुंपणापाशी थबकला. काकू दारात चहा घेऊन उभी. मी घोट घेतला. पाणी मचूळ होतं. ते कळायला लॅब लागत नव्हती.

"गोड आहे, तात्या."

त्यांनी माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं. मग वाटी घेऊन उरलेलं पाणी पिऊन टाकलं, कुदळ उचलली आणि काकूला हाक मारली.

"अगं, याच्या चहात साखर घालू नकोस. याला आज सगळंच गोड लागतंय!"