गळती आणि बारा व्होल्टचा पंखा

आदल्या वर्षी वैशाखात वडिलांना ऊन लागलं होतं. मानवतच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "आता पुन्हा लागू देऊ नका. निभावणार नाही. अकरा ते पाच थंडाव्यात ठेवा." पण वडील शेतातला आखाडा सोडायला तयार नव्हते. आखाडा म्हणजे मातीच्या भिंतींची, एका खिडकीची खोली. विजेचा शेवटचा खांब तिथून दीड मैलावर.

"तुज्या पत्र्याच्या खोलीत भाजून निघन्यापरीस हितंच बरा हाय मी," ते म्हणाले. माझी मानवतची खोली मे महिन्यात कशी तापते हे मला माहीत होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

मी शाळेत गणित शिकवायचो. सुट्टी लागताच जीपमधला जुना बारा व्होल्टचा पंखा मिळवला, खिडकीला वाळ्याचा पडदा बांधला आणि तो भिजवायला एक लहानसा पंप आणला. ट्रॅक्टरच्या दोन जुन्या बॅटऱ्या होत्या. चार्जिंगच्या दुकानात मीटर लावून मोजलं. पंखा तीन अँपिअर, पंप दोन. पाच गुणिले सहा तास म्हणजे रोजचे तीस अँपिअर-तास. बॅटरीवर ऐंशी लिहिलेलं होतं, पण दुकानदार म्हणाला, "जुनी हाय सर, निम्म्याच्या खाली उतरवू नका." म्हणजे हाताशी चाळीस. एका बॅटरीत एकच दिवस निघत होता, आणि मानवतहून ती भरून परत यायला दोन दिवस लागत. कशीही मांडणी केली तरी दर तिसरी दुपार बिनपंख्याची राहत होती. ऊन लागायला एक दुपार पुरते.

वहीत तोच हिशेब मी तिसऱ्यांदा करत होतो. वडील बाजेवर पडल्या पडल्या बघत होते.

"मास्तर, जमंना का?"

"पडदा भिजवायचा पंप नडतोय, दादा."

"भिजवायला वीज कशाला लागती रे? म्हादेवाला कोन पंप लावलाय?"

दर उन्हाळ्यात गावच्या महादेवाच्या पिंडीवर गळती वडीलच बांधायचे. घागरीच्या बुडाला भोक, भोकात सुताची वात, आणि दिवसभर थेंब थेंब पाणी. लहानपणापासून ते मी बघत आलो होतो. पंपाला किती वीज लागेल हे मी काटेकोर मोजलं, पण पंप लागतोच का, हे विचारलं नव्हतं.

त्यांनी स्वतःच एका जुन्या घागरीला तीन भोकं पाडली, वाती बसवल्या आणि ती पडद्याच्या वर टांगली. मी घड्याळ लावलं. घागर दोन तास पुरली. म्हणजे रोज तीन घागरी. आता फक्त पंखा उरला. तीन सक अठरा, दोन दिवसांचे छत्तीस. चार शिल्लक.

पहिल्या दुपारी बाहेर सावलीत पारा त्रेचाळीसवर होता, बाजेजवळ एकतीसवर. चारच्या सुमारास वडील म्हणाले, "बंद कर घडीभर. गार लागायलंय."

मी पंखा बंद केला नाही. त्यांच्या पायांवर धोतर टाकलं आणि तिथंच भिंतीला टेकून झोपलो. कित्येक दिवसांनी दुपारची झोप लागली.

रोहिण्या संपून मृग लागेपर्यंत दोन्ही बॅटऱ्या आळीपाळीनं चालल्या. त्या वर्षी डॉक्टरांकडे मी एकटाच गेलो, तेही नुसतं सांगायला.