खापरपणजोबांना हलवलं ती दुपार

“टिकाव थांबवा! आजोबा ताठ बसलेत!” समाधीच्या खड्ड्यातून चुलते ओरडले, ते थेट जळकोटापर्यंत ऐकू गेलं असणार. विभूतीचा वास आला की आजही मला ती दुपार आठवते. उजाड माळावर पहिली विहीर खणून आमचं गाव वसवणारे आणि पूजेला बसल्या बसल्याच वारलेले खापरपणजोबा नव्या रस्त्यात येत होते. त्या दिवशी हलवलं नसतं तर त्यांच्यावरून रोलर गेला असता. आमच्यात माणसाला बसवून, तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवून, भोवती विभूती भरून पुरतात. दीडशे वर्षांनी नुसती हाडं उरली होती, पण लिंगावरचं बेलपान हिरवंगार, आणि चुलत्यांनी लिंगाला बोट लावलं तर ते तव्यावरल्या भाकरीसारखं गरम! रोलरवाला वरून खेकसला, “अजून किती वेळ लावून राहिले ओ?” विधीला आलेले जंगम स्वामी खड्ड्यात वाकून बघत म्हणाले, “पूजा चालू हाय. झाली की उठतील.”