पद्माक्कानं निवडलेले शूज

आमची पद्माक्का बुटातल्या एका खड्यानं गेली.

आज सकाळी. आमच्याच वॉर्डात, जिथं तिनं आयुष्यभर ड्यूटी केली.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पद्माक्का आमच्या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर. निपाणीकडच्या जैन शेतकरी घरातली, बेळगावात वडगावला राहायची. पेशंट मराठी असो नाहीतर कन्नड, रागवायची दोन्ही भाषांत. दिवस मावळायच्या आत जेवायचं असायचं, म्हणून दुपारच्या सेकंड ड्यूटीला तिचा एक डोळा मॉनिटरवर आणि दुसरा खिडकीवर.

मी गुंजी गावचा, म्हणून तिनं माझं नावच गुंजी ठेवलं. सुरुवातीला अहोजाहो करायला गेलो तर म्हणाली, घरात आक्काला अहो म्हणतोस काय? झालं, तेव्हापासून अगं आक्का.

नोकरीला लागलो तेव्हा वडिलांनी हौसेनं घेऊन दिलेले काळे लेदर शूज घालून आलो होतो. चालताना करकर वाजायचे. आक्का स्वतः पायाला चामडं लावायची नाही, पण माझ्या लेदरवर एक शब्द बोलली नाही.

एवढंच म्हणाली, "त्ये झोपलेलं म्हातारं बघ. तू तिथनं गेलास की डोळं उघडतंय."

मग मी वीकली ऑफला जाऊन भारीतले स्पोर्ट्स शूज आणले. दुकानात एकदम मऊ. दुसऱ्या दिवशी अर्धी ड्यूटी होईपर्यंत करंगळीला फोड. रडकुंडीला आलो. नर्सिंग सोडून गावी परत जावं असं खरंच डोक्यात आलं.

आक्का हसली. म्हणे नवीन आलेलं प्रत्येक पोरगं हीच चूक करतं, सुट्टीच्या दिवशी ताजे पाय घेऊन बूट घ्यायला जातं.

"ड्यूटी करून सुजलेलं पाय घिऊन जायाचं रं. बूट त्यास्नी लागतोय."

त्याच दिवशी मॉर्निंग ड्यूटी सुटल्यावर मला धरून दुकानात नेलं. मोजे ड्यूटीवरचेच ठेवायचे. अंगठ्यापुढं बोटभर जागा पाहिजे. वर जाळी नको, सलाईन सांडलं, रक्त सांडलं की थेट आत. मग फरशीवर मला येरझाऱ्या घालायला लावल्या आणि स्वतः डोळे मिटून ऐकत बसली, आवाज येतो का ते.

दुकानदार तिला ओळखून होता. "बर्री आक्का", या आक्का, म्हणत आधी स्टूल पुढं करायचा. वॉर्डातल्या जवळजवळ सगळ्यांचे शूज तिनंच निवडलेले.

आक्काला शुगर होती, जुनी. तळपायांना काही कळायचं बंद झालेलं. हे तिला माहीत होतं, आम्हालाही.

शुगरच्या प्रत्येक पेशंटला डिस्चार्जच्या वेळी सांगायची, बूट उलटा करून झाडल्याशिवाय पाय घालायचा नाही. मराठीत सांगायची, मग कन्नडमध्ये, मग त्याच्या बायकोला परत.

आणि एक दिवस तिचा स्वतःचाच बूट झाडायचा राहिला.

दारात रिक्षा उभी होती. घाईत पाय घातला आणि आली. अख्खी ड्यूटी केली. चेंजिंग रूममध्ये बूट काढला तर मोजा लाल. घरासमोर रस्त्याचं काम चाललं होतं, त्यातली खडी.

खडा तळहातावर घेऊन मला दाखवला. "ह्ये बघ गुंजी. दिसभर संगट हुता, मला पत्त्याच न्हाय."

तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो.

जखम चिघळली. अंगठा काढावा लागला. ती रडली नाही. तिचा एकच घोशा, रिटायरमेंट जवळ आलीय, त्याच्या आत मला ड्यूटीवर यायचंय.

"खाटंवरनं रिटायर व्हायचं न्हाय मला. चालत घरला जानार."

जखम भरत आली तसं तिनं मला घरी बोलावलं. मुद्दाम संध्याकाळी, पाय सुजल्यावर. दुकानापर्यंत जाणं तिला जमत नव्हतं. वर्तमानपत्रावर तिचा पाय ठेवून मी पेननं कड काढली.

"आता तू निवड," म्हणाली. "घट्ट का सैल, मला कळत न्हाय."

दुकानदारानं तो कागद बराच वेळ हातात धरला. अंगठ्याची जागा रिकामी होती. मग आत गेला आणि सगळ्यात रुंद, मऊ जोड घेऊन आला.

तो घालून आक्का दारापर्यंत चालली. वळून विचारलं, आवाज येतोय का? नाही म्हणालो. काय खूश झाली होती.

जॉइन व्हायच्या आधीच ताप भरला. इन्फेक्शन रक्तात उतरलं होतं. आक्का वॉर्डात परत आली, पण स्ट्रेचरवरून.

तिची एक पद्धत होती. वॉर्डात कुणी गेलं की अंग पुसायला जवळ जाताना ती शूज लांब काढून ठेवायची. इन्फेक्शन कंट्रोलवाले ओरडायचे. ती म्हणायची, नमस्कार करायचाय, बुटानं करतात का?

आज सिस्टरांनी तिचं अंग पुसलं, साडी नेसवली. पाय पुसायचं काम मी मागून घेतलं. ते पुसताना मला रडू आवरलं नाही.

भिंतीशी आमच्या शूजची रांग लागली होती. सगळे तिनं निवडलेले. आज कुणी ओरडलं नाही.

आता लोक म्हणतील, सुटली बिचारी, पाय दुखायचे थांबले. अहो, ते दुखत नव्हते हेच तर वाईट झालं.

घरचे तिला निपाणीकडं घेऊन गेले. माझी ड्यूटी बाकी होती. भिंतीपाशी आलो, शूज उचलले, उलटे करून झाडले.

काही पडलं नाही. तरी परत झाडले.

पद्माक्का, झाडूनच घातलेत गं.
तुला आमच्या सगळ्या वॉर्डाचा नमस्कार.