भिजलेलं गाठोडं
ओल्या कापसाचा वास आला की आमचा सीमेवरचा मराठी मुलूख आंध्रात होता तेव्हाचं आमचं भीमपूरचं शेत आठवतं. फौजेतून सुट्टीवर आलेला चुलतभाऊ कमांडोच्या निवडीसाठी भिजवलेल्या कापसाचं गाठोडं पाठीवर घेऊन बांधावरून धावायचा. "तिथं मन मोडाले शिव्या देतात. तू बी दे, जिव्हारी लागन अशा," तो म्हणाला. मी हौशी नट. आठवडाभर रंगलो आणि तो हसत धावला. शेवटच्या दिवशी म्हणालो, "घरात खाणारं एक तोंड कमी व्हावं म्हणून तुह्या बापानं तुले फौजेत धाडलं." त्यानं गाठोडं खाली ठेवलं. "खरं हाय?" मी गंभीरपणे मान डोलावली. निवडीला तो गेलाच नाही, काकांशीही पुन्हा बोलला नाही. वाक्य मी तिथंच रचलं होतं. पण ते इतकं झकास जमलं होतं, की खोटं होतं हे त्याला सांगायला अजून माझा जीव होत नाही.