वकीलबाई आणि चार अंगठे

आमच्या दवाखान्यात शाईचा पॅड कुलपात असायचा. झोपेची इंजेक्शनं ज्या कपाटात, त्याच कपाटात, त्याच खणात. आणि किल्ली वकीलबाईंच्या कमरेला. नवीन मुली हसायच्या. मीही हसले होते. "अंगठ्याच्या शाईला कसलं हो कुलूप?" असं पहिल्याच दिवशी विचारलं, तर बाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "इंजेक्शन चुकलं त डॉक्टरले समजते. अंगठा चुकला त कोनाले समजत नाही." मला तेव्हा ते काही कळलं नाही. बाविशीची होते, नर्सिंगचा कोर्स नुकताच संपला होता आणि आपल्याला सगळं येतं असं वाटत होतं.

त्या वकील नव्हत्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तीस खाटांच्या खासगी दवाखान्यात त्या हेड सिस्टर होत्या. गावाचं आणि दवाखान्याचं नाव मी घेत नाही. वकीलबाई हे नाव आमच्या डॉक्टरसाहेबांनी ठेवलेलं, चिडवायला. "आल्या वकीलबाई, आता कलम सांगतील," असं ते राउंडला सगळ्यांसमोर म्हणायचे आणि आम्ही दात काढायचो. बाईंनी कधीच कुठलं कलम सांगितलं नाही. त्यांना एकही पाठ नव्हतं. आधीच्या एका नोकरीत त्यांनी संमतीच्या कागदावर साक्षीदार म्हणून डोळे झाकून सही केली होती, आणि पुढे कोर्टात उभं राहावं लागलं होतं. तिथल्या वकिलाने एकच विचारलं, "पेशंटला समजावून सांगताना तुम्ही स्वतः पाहिलं का?" बाई म्हणाल्या, "नाही." ते सांगताना इतक्या वर्षांनीही त्यांची मान खाली जायची. त्यांचा सगळा कायदा त्या एका 'नाही'तून आलेला होता.

तेव्हापासून त्यांची एक रीत ठरली. ऑपरेशनआधी डॉक्टर काय ते सांगून गेले की बाई स्टूल ओढून पेशंटजवळ बसायच्या आणि म्हणायच्या, "आता तू मले सांग, तुले काय होऊन राह्यलं अन डॉक्टर काय करतीन." पिंपळगाव राजाचे एक आजोबा हर्नियासाठी आले होते. ते म्हणाले, "आतडं बाहीर येते वो बाई, ते आत ढकलून शिवतीन. मंग महिनाभर पोतं उचलाचं नाही. अन कधी कधी पिकते बी म्हणे." बाई खूश! "पास झाले तुम्ही बाबा," म्हणून त्यांनी स्वतः आजोबांचा अंगठा पॅडवर टेकवला. एखाद्याला नाही सांगता आलं, तर बाई सरळ डॉक्टरांच्या केबिनीत जायच्या. "साहेब, तिले समजलं नाही. पुन्हा सांगा." साहेब कपाळाला आठ्या घालून उठायचे.

एकदा मी भलत्याच पेशंटच्या केसपेपरवर ताप लिहिला आणि गुपचूप पांढरा रंग फासून झाकला. बाईंनी तो कागद खिडकीच्या उजेडात धरला. "काय वं, हे पांढरं कायले फासून राह्यली? चुकलं ना? मंग चुकलं म्हणून दिसू दे." एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर लिहायचं, वेळ टाकायची, सही करायची. त्यांनी माझ्याकडून तिथेच ते करून घेतलं आणि ती पांढऱ्या रंगाची बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली.

नातेवाइकांचाही मुलाहिजा नाही. चांगला धोतर-टोपीतला सासरा सुनेचा रक्ताचा रिपोर्ट मागायला आला, तर बाई म्हणाल्या, "रगत कोनाचं हाय?" तो म्हणाला, "सुनेचं." "मंग तिलेच इचारा. तिनं सांगतलं त समजन तुमाले." सासरा तणतणत साहेबांकडे गेला. साहेबांनी त्याला रिपोर्ट दाखवलाच, ती गोष्ट वेगळी.

आता मुद्द्याचं सांगते, कारण ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. बाई येण्याआधी आमच्याकडे चार अंगठ्यांची पद्धत होती. भरती होतानाच पॅड काढायचा आणि चार कागदांवर चार अंगठे उठवून घ्यायचे: भरतीचा, ऑपरेशनचा, रक्त देण्याचा, आणि चौथा 'आम्ही आमच्या जबाबदारीवर पेशंट घरी नेत आहोत' याचा. माणूस अजून खाटेवर टेकलेला नाही आणि त्याच्या घरी जाण्याचा अंगठाही तयार! वरचा मजकूर नंतर सवडीने भरायचा. का, तर सारखं सारखं पेशंटचे हात कोण पुसत बसणार. बाईंनी हे बंद केलं होतं. पण त्या रजेवर गेल्या की पुन्हा सुरू व्हायचं.

भाच्याच्या लग्नासाठी बाई दोन दिवस गेल्या आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेल्या. त्याच दुपारी वंदना आली. हे तिचं खरं नाव नाही. खरं सांगितलेलं बाईंना आवडलं नसतं. सत्तावीस वर्षांची, पदरात चार वर्षांची एक मुलगी, पोटात दुखतं म्हणून नवरा आणि सासू घेऊन आलेले. डॉक्टरसाहेबांनी नवऱ्याला केबिनीत बोलावलं आणि गर्भाची पिशवी काढावी लागेल, नाहीतर कॅन्सर होईल, असं सांगितलं. नवऱ्याने सही केली. वंदना बाहेर बाकावर बसली होती. मी कपाट उघडलं, पॅड काढला, तिचा हात धरला आणि चार अंगठे घेतले. साक्षीदाराच्या जागी माझी सही केली. 'पेशंटला त्याच्या भाषेत समजावून सांगितले,' असं त्याच्या वर छापलेलं होतं. मी एक शब्द सांगितला नव्हता, कोणी सांगितल्याचं ऐकलंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई बस स्टँडवरून तशाच वॉर्डात आल्या. वंदना हिरव्या गाऊनमध्ये ट्रॉलीवर होती. मी बाजूलाच होते. बाईंनी ट्रॉलीच्या कडेला हात ठेवून विचारलं, "काय काढतीन वं तुझं?"

"गाठ."

"अजून?"

"अजून काई नाही. गाठ निंघाली का मंग दुसऱ्या लेकराचं पाहू, असं हे म्हंतात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, "सिस्टर, उशीर होतोय. नवऱ्याची सही आहे ना?"

"पोट नवऱ्याचं हाय का साहेब?"

बाई वंदनाकडे वळल्या आणि एका संथ सुरात म्हणाल्या, "आयक. गाठ नाही, तुझी पिशवी काढून राह्यले. पिशवी काढली का लेकरू होत नाही. काढनं जरूर हाय का नाही, हे दुसऱ्या डॉक्टरले इचारता येते. काढू द्याची त काढू दे, नको त नको म्हण. तू म्हनशीन तसं." वंदना उठून बसली. नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "नको." स्वतःच उतरली, चप्पल शोधली. सासूने बाईंना नाही नाही ते सुनावलं. बाई गाऊनच्या नाड्या सोडायला वंदनाला मदत करत होत्या.

दुपारी साहेबांनी आम्हां सगळ्यांना केबिनीत बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. "सह्या करा." अकरा जणांनी केल्या. वाचला एकानेही नाही. मीही नाही! दोन वर्षं जिच्या हाताखाली काढली, तिच्याविरुद्धचा कागद वाचण्याइतकीसुद्धा लाज मला वाटली नाही. मग बाईंना आत बोलावलं. त्यांनी चष्मा लावला आणि शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचला. त्यात होतं: पेशंटला भडकावलं, हाताला धरून ट्रॉलीवरून ओढून उतरवलं, आम्ही सर्वांनी डोळ्यांनी पाहिलं. बाईंनी माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"तू होती ना वं तिथं. मी ओढलं तिले?"

साहेब समोर उभे होते. माझ्या घरी माझ्याच नोकरीवर सगळं होतं, लहान होते, घाबरले होते; कारणं मला शंभर सुचतात आणि एकही ऐकवत नाही. मी गप्प बसले. साहेबांनी बाईंना आजच काम सोडा म्हणून सांगितलं. कपाटातली इंजेक्शनं एकेक मोजून मला ताब्यात दिली, रजिस्टरला नोंद केली, वेळ टाकली, सही केली आणि किल्ली टेबलावर ठेवून गेल्या. निरोपसमारंभ नाही, शाल-नारळ नाही. आसपासच्या कुठल्याही दवाखान्याने त्यांना कामावर ठेवून घेतलं नाही, इतकी साहेबांनी त्यांची ख्याती पसरवली.

मी वर्षभरात ती नोकरी सोडली. आता दुसरीकडे आहे. हल्ली जाईल तिथे भिंतीवर रुग्णांच्या हक्कांचा फलक असतो, काचेच्या चौकटीत, आणि त्याच्याच खाली बसून मुली अजून पेशंटच्या नवऱ्याला विचारतात, "सही कोण करणार?" मी ओरडते. त्या माझ्यामागे मला काय म्हणतात, ते मला माहीत आहे. म्हणोत.

दोनेक वर्षांनी जळगाव जामोदच्या बस स्टँडवर वंदना भेटली. तिनेच मला ओळखलं. सोबत मुलगी होती, सहा-सात वर्षांची. मी लगबगीने विचारलं, तब्येत कशी आहे. ती म्हणाली, त्यानंतर महिन्याभरातच सासू आणि नवरा तिला दुसऱ्या गावच्या दवाखान्यात घेऊन गेले आणि तिथे पिशवी काढली.

"अगं, पण तू नको म्हणाली होतीस ना!" माझा आवाज चढला.

"तिथं कोनी इचारलंच नाही, सिस्टर. अंगठा घेतला, आत नेलं. मी वाट पाहून राह्यली होती, त्या बाईवानी कोनी येईन अन इचारन म्हणून. सुई टोचेपरेंत दरवाज्याकडं पाहत होती." मग तिने विचारलं, "त्या बाई हायत ना अजून तुमच्या दवाखान्यात?"

मी म्हणाले, "नाही गं. बदली झाली त्यांची."

खासगी दवाखान्यात बदली होत नसते, हे तिला ठाऊक नव्हतं.